मंगळावरचा टँकर

माणसाला मंगळावर जायचं असेल तर त्यानं खुशाल जावं, पण आधी शेजाऱ्याला सांगू नये. मी सांगितलं. तेही माणिकप्पांना. माणिकप्पांना एखादी गोष्ट सांगणं आणि ती गंजगोलाईच्या बाजारात कर्णा लावून ओरडणं यात फरक एवढाच की कर्ण्याला वीज लागते.

मुळात गोष्ट फार साधी होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पुण्याच्या एका संग्रहालयात साठ वर्षांपूर्वीचा एक जर्मन मूकपट आहे, त्यात तीन शास्त्रज्ञ लोखंडी यानात बसून मंगळावर जातात, असं मी कुठंतरी वाचलं. बोलपट यायच्या आधी लोक मंगळावर जाऊन आले होते, मग आपण निदान बघायला काय हरकत आहे, असं माझ्या मनात आलं. मी संग्रहालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला कंटाळून त्यांनी कळवलं की दहा दिवसांसाठी फितीचे डबे पाठवतो, सांभाळून वापरा. मी ते पत्र माणिकप्पांना दाखवलं.

माणिकप्पांची भुसाराची अडत आहे आणि ते आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांनी पत्र उलटंपालटं करून वाचलं.

"मूकपट म्हणजे आवाज न्हाई?"

"नाही."

"मग भाव कमी करून मागायचा की मास्तर. अर्ध्या मालाला पूर्ण उपकार कशाला?"

ते फुकट देताहेत, हे मी सांगितलं. फुकटाचं म्हटल्यावर माणिकप्पांचा संशय आणखी वाढला. तरी संध्याकाळपर्यंत आमच्या संगमेश्वर नगरातल्या बेचाळीसही घरांना कळलं होतं की येत्या शनिवारी विज्ञानाचे मास्तर लोकांना मंगळावर नेणार आहेत.

हे सगळं त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातलं. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. जिल्ह्याच्या गावात राहतो म्हणून आमच्या माना ताठ झाल्या होत्या, फक्त घसे कोरडे होते. दुष्काळ सगळ्यांनाच होता, पण आमच्या नगरावर त्याची खास मर्जी होती. त्याचं असं झालं की जुन्या जिल्ह्याच्या टँकरच्या यादीतून आमचं नगर 'नव्या जिल्ह्याकडे वर्ग' असा शेरा मारून कमी केलं होतं, आणि नव्या जिल्ह्याच्या यादीत ते 'जुन्याकडून अप्राप्त' म्हणून घेतलेलं नव्हतं. त्यामुळे आम्ही बेचाळीस कुटुंबं औसा रस्त्याला घरं बांधून, दारात तुळशी लावून राहत असलो तरी सरकारच्या दृष्टीनं नव्हतो. आणि जे नाहीत त्यांना तहान कशी लागणार? मी नऊ अर्ज केले. अर्जांची भाषा चांगली असते, असं मला कचेरीतल्या शिपायानं सांगितलं होतं.

टँकर नाही म्हणून बायका दीड मैलावरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जात. माझी बायको शिवगंगा पहाटे दोन खेपा करायची. मीही बादल्या घेऊन जायचो, पण माझी बादली घरी येईस्तोवर निम्मी व्हायची आणि उरलेलं निम्मं माझ्या पायजम्यात असायचं. शेवटी तिनं मला त्या कामातून काढून टाकलं. नोकरीतून काढलं तरी माणसाला इतकं लागत नाही.

मंगळाची बातमी कळली त्या दिवशी तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला आणि चुंबळ हातात तशीच धरून मला विचारलं, "परवानगीसाठी कचेरीत जाणार हाव का तुमी?"

"जावं लागेल."

"मग जाताच हाव तर टँकरचंबी विचारा."

"तो विभाग वेगळा आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

तिनं चुंबळ खुंटीला लावली. आत गेली, फळीवरची निळी पेटी काढली, दोन लुगडी आणि लेकरांचे कपडे तिच्यात भरले आणि पेटी दाराशी आणून ठेवली. "माझ्या कमरंत आता दम न्हाई," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत टँकर आला तर बरं. न्हाईतर रैवारच्या पहिल्या गाडीनं मी लेकरांना घिऊन निलंग्याला जाते. तिथं आमच्या आडाला पाणी हाय. पाऊस पडल्यावर कार्ड टाका."

ती रागानं बोलली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती हळू बोलली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि शनिवार बदलावा की काय असंही वाटलं. पण आता शनिवार माणिकप्पांच्या ताब्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. करमणुकीच्या परवान्याचं काम शेषेराव नावाचे गृहस्थ पाहत. टेबल नवं, कपाट नवं, शिक्कासुद्धा नवा, त्यामुळे शेषेरावांना शिक्का मारायची फार हौस असावी असं मला वाटलं होतं. ते उलट त्याला जपत. त्यांनी माझ्यासमोर चार पानी अर्ज ठेवला आणि स्वतःच भरायला घेतला.

"चित्रपटाची भाषा?"

"मूक आहे."

"मूक ही भाषा न्हाई. भाषा सांगा."

"पाट्या जर्मन आहेत."

"बगणाऱ्यांना जर्मन येतंय?"

"नाही."

"मग बगून काय करणार?" शेषेरावांनी चष्मा काढला. हा प्रश्न खरं तर अर्जात नव्हता. मी त्यांना मूकपटाचं महत्त्व समजावून सांगितलं. चित्र हीच जगाची भाषा आहे, असं काहीसं बोललो. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी भाषेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि पुढे गेले.

"ध्वनीची व्यवस्था?"

"नाही."

"न्हाई?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, आवाज न्हाई, भाषा न्हाई, तिकीट न्हाई. हाय काय मग तुमच्याकडं?"

मला फार अपमान वाटला. मी म्हणालो, "मंगळ आहे." त्यांनी तेही लिहून घेतलं.

चौदाव्या कलमाशी येऊन गाडी थांबली. प्रेक्षकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय, आणि आग विझवण्यासाठी पाण्याच्या सहा बादल्या. मी खरं तेच सांगितलं, की आमच्याकडे पिण्यासाठीसुद्धा सहा बादल्या नाहीत, आगीला कुठून देणार. शिवगंगेचा चेहरा आठवला म्हणून यादीचा सगळा घोळही सांगितला. नऊ अर्ज, दीड मैल, निळी पेटी, सगळं सांगितलं. शेषेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नगराला टँकर देता येत न्हाई," ते म्हणाले. "नगर यादीत न्हाई."

"ते मला माहीत आहे."

"पण खेळाच्या जागेला पाणी लागतंय. जागा अर्जात हाय. आयोजक असमर्थ असला तर कचेरीनं सोय करावी, असं कलम हाय." त्यांनी प्रेक्षकसंख्या विचारली. मी साठ म्हणणार होतो, पण तेवढ्यात मला माणिकप्पांचा आवाज आठवला आणि मी दोनशे म्हणालो. शेषेरावांनी एक टिपण लिहिलं. "हे पाणीवाल्या टेबलाला पाठवतो. मंजूर झालं तर झालं. शनिवारी साडेसात ना?"

मंजूर होईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. नऊ अर्जांचा अनुभव होता. म्हणून घरी मी यातलं काहीच बोललो नाही. फक्त माणिकप्पांना सांगितलं, तेही बोलता बोलता.

गुरुवारी एस.टी.च्या पार्सलनं तीन पत्र्याचे डबे आले. शाळेत एक सोळा मिलिमीटरचं यंत्र होतं, कुटुंबनियोजनाच्या फिती दाखवून दाखवून ते थकलं होतं. ते चालवायला गोलाईतल्या चांदपाशांना बोलावलं. चांदपाशा सत्तरी ओलांडलेले, स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत. तरुणपणी जत्रांमधल्या तंबूंत सिनेमाचं यंत्र फिरवत असत. त्यांनी डब्यातली फीत बोटांवरून सरकवून पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले.

"गूंगा पिच्चर हाय, मास्तर."

"हो, मूकपट."

"तो बोलेगा कौन?"

कुणीच बोलणार नाही, मूकपट शांतपणे पाहायचा असतो, असं मी त्यांना सांगितलं. चांदपाशा हसले. "गूंगे कू घर में अकेला नक्को छोडना," ते म्हणाले. "हमारे तंबू में मैं बोलता था. निजाम के जमाने में. औसा, उदगीर, निलंगा, सब जत्रा में. लोगां मेरी आवाज सुनने कू आते थे. आज मेरे पोतेच मानते न्हाई." हे शेवटचं वाक्य ते फितीकडे बघत बोलले. पण मी ठाम राहिलो. सुरुवातीला मंगळावरच्या कालव्यांबद्दल मी वीस मिनिटं शास्त्रीय माहिती देणार होतो. एवढं बोलणं पुरेसं होतं.

उरला पडदा. घरातली एकच पांढरी चादर मोठी होती, पण तिच्यावर मधोमध वरण सांडलेलं होतं. मी शिवगंगेला चादर धुवायला सांगितली. "पाणी आणा, धुते," ती म्हणाली. चादर तशीच लावली.

शनिवारी साडेपाचपासून माणसं यायला लागली. माझ्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. मी दारात उभा राहून मोजत होतो. पन्नास झाली, शंभर झाली, दीडशेच्या पुढे गेली. मी सदऱ्याची कॉलर ताठ केली. लोक म्हणतात लातूरला अडत आणि तूर सोडून काही कळत नाही. बघा म्हणावं येऊन. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे. हंडे, घागरी, कळश्या, पत्र्याचे डबे, एका घरातून तर अंघोळीचं घंगाळ आलं होतं. बसायला आणलं असेल असं मी आधी स्वतःला समजावलं. पण लोकांनी सतरंजीवर भांड्यांची रांग लावली आणि स्वतः मागे धुळीत बसले. टँकरच्या रांगेचा हाच नियम असतो, माणूस हलला तरी चालतो, घागर हलता कामा नये. पहिल्या चार रांगांत एकही माणूस नव्हता. चकचकीत घासलेली शंभरएक रिकामी भांडी पडद्याकडे तोंड वासून बसली होती. रांगेत पहिला हंडा माणिकप्पांचा होता.

"माणिकप्पा, हे काय?"

"तुमीच म्हणलाव की टिपण गेलंय म्हणून."

"अहो, ते मंजूर होणार नाही. लोक सिनेमाला आलेत ना?"

"दोन्हीला आलेत," माणिकप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आलं तर पाणी. न्हाई आलं तर सिनेमा."

माझी वीस मिनिटांची माहिती दोन मिनिटांत संपली, कारण मी कालवा हा शब्द उच्चारताच मागून कुणीतरी विचारलं की मंजूर कधी झाला. मी खाली बसलो. चांदपाशांनी यंत्र चालू केलं. पडद्यावर तीन दाढीवाले शास्त्रज्ञ आले आणि तोंडं हलवू लागले. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग "आवाज, आवाज" सुरू झालं. मी उठून सांगितलं की आवाज नाहीच. "सकाळी दुरुस्त करून घ्यायचं ना मास्तर," असं एक म्हातारी मायेनं म्हणाली. जर्मन पाटी आली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. दहाव्या मिनिटाला लोक आपापल्या घागरीकडे बघून कुजबुजू लागले. शिवगंगा भिंतीला टेकून उभी होती, तिच्या मागे दारात निळी पेटी दिसत होती. मी चांदपाशांकडे गेलो आणि मान खाली घालून म्हणालो, "बोला."

चांदपाशांनी घसा खाकरला. त्या किडकिडीत माणसाच्या आत एवढा आवाज कुठं राहत होता कोण जाणे.

"देखो भाइयो, देखो भैनो. ये दाढीवाले साब हैं इंजिनेर. इनके गाव में तीन साल से बारिश न्हाई. विहीर सुख गई. घर की बाई बोली, पाणी लाव, न्हाई तो मैं माहेर चली."

सगळं नगर माझ्याकडे वळून पाहू लागलं. शिवगंगेनं पदर तोंडाशी धरला. हे असलं काही सिनेमात नव्हतं. मूळ कथेत शास्त्रज्ञ केवळ ज्ञानाच्या ओढीनं जातात. पण त्यानंतर माणसांनी घागरींकडे पाहणं सोडलं. यान उडालं तेव्हा आमच्या नगरातला विजेचा दाब नेहमीप्रमाणे कमी झाला आणि यान रखडत रखडत वर जाऊ लागलं. "चढ हाय, चढ," चांदपाशा म्हणाले, "निलंग्याच्या गाडी जैसा चढ." मंगळ दिसला तर त्याच्या मधोमध वरणाचा डाग. त्याचं त्यांनी पिवळ्या मातीचं माळरान केलं. तिथले कालवे कोरडे पडलेले. तिथं डोक्यावर लोखंडी टोप घातलेली माणसं रिकामी भांडी घेऊन उभी. हे मात्र खरंच सिनेमात होतं, आणि ते पाहून आमच्यातल्या बायका हळहळल्या. तिथलं सगळं पाणी बर्फ होऊन एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या ताब्यात, आणि दरवाज्याची किल्ली त्याच्या कमरेला. "इंजिनेर बोला, दरवाजा खोल. बुढ्ढा बोला, तुमारा नाव यादी में न्हाई."

मागच्या अंधारातून कुणीतरी दात ओठ खाऊन शिवी दिली. इंजिनेर म्हाताऱ्याच्या पाया पडला. म्हाताऱ्यानं किल्ली काढली. ती कुलपात घातली. बेचाळीस घरांनी श्वास रोखला, आणि त्याच वेळी औसा रस्त्यावरून वळून दोन दिवे आमच्या अंगावर आले. टँकर होता. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "मंगळ इथंच हाय का? चिठ्ठीवर मंगळ लिवलंय."

त्यानंतर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. माणसं पडद्याखालून गेली, यंत्रावरून गेली, एक माझ्यावरून गेला. पडद्यावर मंगळाचा दरवाजा उघडला आणि पाण्याचे लोट कालव्यांतून धावू लागले, पण ते पाहायला सतरंजीवर कुणीच उरलं नव्हतं. चांदपाशा मात्र थांबले नाहीत. रिकाम्या सतरंजीला ते तितक्याच जिवानं सांगत होते की पाणी आलं, पाणी आलं. मला त्यांची आणि माझी दोघांची कीव आली.

तेवढ्यात शिवगंगा येऊन सतरंजीवर बसली. पदर भिजलेला, हात भिजलेले.

"तू पाणी भरायला नाही गेलीस?"

"तीन हंडे भरले. चौथी घागर रांगेत हाय," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "चाचा, पुढं सांगा. ती बाई माहेराहून आली का?"

"आई न्हाई अब तक," चांदपाशा म्हणाले. "गईच न्हाई तो आएगी किधर से?" रविवारची पहिली गाडी निलंग्याला गेली तेव्हा निळी पेटी फळीवर होती आणि चादर दोरीवर वाळत होती.

सोमवारी मी डबे परत पाठवायला निघालो तर माणिकप्पांनी रस्त्यात गाठलं. त्यांच्या हातात टँकरच्या ड्रायव्हरनं दिलेला कचेरीचा कागद होता. 'खेळ चालू असेपर्यंत दर शनिवारी एक टँकर.' मी म्हणालो, खेळ संपला, मी आजच तसं कळवतो, विज्ञानाचा शिक्षक आहे, खोटं बोलणार नाही. माणिकप्पांनी फक्त माझ्या घराकडे पाहिलं. शिवगंगा दारात रिकामा हंडा घेऊन उभी होती. मी डबे पार्सलला दिले आणि कचेरीत न जाता घरी आलो.

पुढच्या शनिवारी आम्ही चादर लावली, यंत्राचा दिवा लावला आणि फितीशिवाय खेळ केला. पांढऱ्या चादरीवर पांढरा उजेड पडला आणि चांदपाशा बोलू लागले. गंमत अशी की पहिल्या शनिवारपेक्षा माणसं जास्त आली. चित्र होतं तेव्हा आवाज नव्हता, आता आवाज होता तर चित्र नव्हतं, आणि कुणाची तक्रार नव्हती. चांदपाशांचे नातू पहिल्या रांगेत, घागरींच्याही पुढे बसले होते. इंजिनेर आता शुक्रावर निघाला होता.

तिसऱ्या शनिवारी शेषेराव तपासणीला आले.

मी त्यांना सायकलवरून उतरताना पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. नोकरी जाईल, टँकर जाईल, बेचाळीस घरं पुन्हा मळ्याची वाट धरतील, आणि हे सगळं माझ्या मंगळामुळे. शेषेराव चादरीसमोर उभे राहिले.

"चित्र दिसत न्हाई, मास्तर."

"प्रिंट जुनी आहे," मी म्हणालो. आयुष्यातलं हे माझं पहिलं खोटं, आणि तेही किती वाईट बोललो.

चांदपाशांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनेर शुक्रावरच्या गुहेत शिरला होता, आत कुणाच्यातरी पावलांचा आवाज येत होता. शेषेरावांनी एक पालथा हंडा ओढला आणि त्यावर बसले. शिवगंगेनं त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. ते तांब्या हातात धरून बसले, प्यायचं विसरले. चांदपाशा श्वास घ्यायला थांबले तेव्हा पूर्ण शांततेत शेषेरावांचाच आवाज आला, "पुढं?"

चांदपाशांनी हात जोडले. "पुढं का खेल अगले शनिवार."

शेषेराव पाणी प्यायले आणि मिशा पुसून अर्ज मांडीवर घेऊन लिहू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. भाषा, सर्वांना समजते. ध्वनी, उत्तम. चित्र, या रकान्याशी ते थांबले, त्यांनी धुतलेल्या पांढऱ्या चादरीकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, स्वच्छ. पिण्याच्या पाण्याची सोय, आहे. मग खाली सही केली, पिशवीतून तो जपून ठेवलेला शिक्का काढून त्यावर मनापासून हाणला, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, पुढील शनिवारी पुन्हा तपासणी आवश्यक.